शेवटच्या घराच्या वरची कारवी

बाई कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की जिना चढायच्या आधी खाली कंपाउंडमध्ये एक काम उरकायच्या. खांद्यावरच्या झोळीतून पाण्याची बाटली काढायची, कोपऱ्यातली उघडी माती शोधायची, तिच्यावर घोटभर पाणी ओतायचं आणि वाकून बघत राहायचं. पाणी मुरलं तर म्हणायच्या, "पिते." ओघळ होऊन निघून गेलं तर, "थुंकते." मग वर जाऊन पोहे खाता खाता यजमानांना निकाल ऐकवायचा. माझ्या वास्तुशांतीला आल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "जावयाची सोसायटी थुंकते. पावसाळ्यात खाली स्कूटर ठेवू नका." सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ही कोण भवानी, असं त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं. पुढच्या जुलैत त्यांची स्कूटर सीटपर्यंत पाण्यात गेली, आणि त्यानंतर ते बाईंचा विषय निघाला की पेपर तोंडासमोर धरायचे.

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. स्टाफरूममध्ये त्यांना 'पाणीपुरवठा खातं' म्हणायचे. अर्थात त्या नसताना. समोर बोलायची कुणाची टाप नव्हती. त्या स्वतः कुणाला नावानं हाक मारायच्या नाहीत, विषयानं मारायच्या. मी 'भूगोल', शेजारचे 'संख्याशास्त्र', प्राचार्य 'प्रशासन'. "ए भूगोल, चहा सांग रे," असं त्या पॅसेजमधून ओरडायच्या आणि माझे विद्यार्थी फिदीफिदी हसायचे.

सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे पुरुषी बूट, असा त्यांचा बारमाही वेश. सोमवारी सकाळी निऱ्यांना रविवारच्या डोंगरावरची कुसळं चिकटलेली असायची. त्या स्टाफरूममध्ये बसून ती एकेक काढायच्या आणि टिकलीच्या रिकाम्या पाकिटात भरायच्या. बाई टिकली लावत नसत. पाकिटं कॉलेजातल्या समस्त बायकांकडून गोळा केलेली. त्यांच्या टेबलाच्या खणात अशा पाकिटांचे गठ्ठे होते. कुठल्या पाकिटात कुठल्या डोंगराचं बी आहे हे त्यांना पाकिटावरच्या टिकल्यांच्या नक्षीवरून कळायचं. आम्हाला कधीच कळलं नाही.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला बाईंना बोलवू नये असा अलिखित नियम होता. एकदा चुकून बोलावलं. एक स्थानिक पुढारी आले, गुलमोहराचं रोप लावलं, फोटो झाले. बाई पुढे झाल्या. "साहेब, हे मादागास्करचं झाड. सावली देईल, फुलेल, वाऱ्यात मोडून कुणाच्या तरी गाडीवर पडेल. पण इथल्या मातीची आणि याची ओळख नाही. ओळख नसलेल्याला घरात घेताना आपण विचार करतो ना?" साहेब हसले, कारण त्यांना काही कळलं नव्हतं. प्रशासन मात्र आठवडाभर घुश्शात होते.

माझं आणि त्यांचं भांडण कायमचं एकच. मी म्हणायचो, शेवटी माती आणि हवामान ठरवतं, कुठं काय उगवणार ते. तेच झाड कोकणात वेगळं, देशावर वेगळं. त्या म्हणायच्या, "बी ठरवतं. बी सांगतं काय व्हायचंय. माती फक्त सांगते, किती."

"आणि पाऊस?"

"पाऊस कुणाचं ऐकत नाही. त्याला वादात घेऊ नकोस."

हे सगळं मी गमतीनं सांगतोय. पुढचं सांगायची वेळ येऊ नये म्हणून रेंगाळतोय, हेही खरं.

मुलुंडच्या पश्चिमेला जंगलाच्या कडेला एक उतार आहे. खाली वस्ती. पत्र्याची, विटांची घरं एकावर एक चढत गेलेली. उताराच्या पायथ्याशी अगदी टेकलेली जी ओळ होती, तिच्यात शेवटचं घर शेवंताबाईंचं. मूळच्या कुडाळकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगी नंदा, तिचं लग्न होऊन ती त्याच वस्तीत थोडी खाली राहायची. शेवंताबाई आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीत वरून लाल चिखल यायचा. एकदा त्यांनी हे बोलता बोलता बाईंना सांगितलं, आणि पुढच्या रविवारी बाई बाटली घेऊन त्यांच्या घरामागे हजर. मला नेलंच होतं.

उतार उघडाबोडका होता. वणवे, सरपण, बकऱ्या. मुरमावर मातीचा पातळ थर, त्याखाली काळा कातळ. बाईंनी पाणी ओतलं. ते सरळ शेवंताबाईंच्या मागच्या भिंतीला जाऊन लागलं.

"थुंकते," बाई म्हणाल्या. "नुसती थुंकत नाही, एक दिवस ओकेल."

त्यांनी तिथे कारवी लावायचं ठरवलं. कारवी आपल्या डोंगरांचीच. दाट वाढते, मुळांची जाळी विणते आणि पातळ मातीला धरून ठेवते. तिचं एकच विचित्र. सात पावसाळे नुसती पानं. आठव्यात ती फुलते. एकटीदुकटी नाही, अख्खा डोंगर एकदम जांभळा होतो. मग बी धरते आणि मरते. तीही अख्खा डोंगर एकदम.

म्हणजे आठ वर्षांनी उतार पुन्हा उघडा पडणार, हे बाईंना ठाऊक होतं. त्यावर त्यांनी तोड काढली होती आणि त्या तोडीवर त्या बेहद्द खूश होत्या. दर डोंगराचं फुलायचं साल वेगळं. येऊरचं एक, महाबळेश्वरचं दुसरं, माळशेजचं तिसरं. टिकलीच्या पाकिटांत सगळ्यांचं बी होतं. "सगळं मिसळून पेरायचं. घड्याळ बीमध्ये आहे, भूगोल. येऊरची कारवी येऊरच्या साली मरेल, तेव्हा महाबळेश्वरची उभी असेल. उतार कधीच रिकामा राहणार नाही." मी म्हटलं, इथली माती आणि इथला पाऊस त्यांना एकाच चालीवर आणेल. त्या म्हणाल्या, "लागली पैज." आम्ही दोघंही चुकीच्या जागी भांडत होतो.

मृगाच्या तोंडावर त्यांनी पेरलं. प्रत्येक डोंगराची पट्टी वेगळी, प्रत्येक पट्टीला वेगळ्या रंगाचे दगड. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काय वो बाई, हयसर काय पेरतास?"

"कारवी."

"अगो बाय माझे! आमच्या गावाक कारवीचेच कूड होते. कारवी आसली की डोंगर हलणा नाय." आणि त्या दिवसापासून बकऱ्या हाकलायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

कारवी वाढली. मी भूगोलाचा माणूस, मला ते बघताना विद्यार्थ्यांना शिकवलेलं सगळं नव्यानं शिकल्यासारखं वाटायचं. पाचोळा साठला, माती काळी व्हायला लागली. मुरलेलं पाणी हळूहळू झिरपून वस्तीच्या नाल्यात स्वच्छ उतरायचं. दिवाळी उलटली तरी बायका तिथे कपडे धुवायच्या. पाखरं आली, साप आले, सापांमुळे बाईंना शिव्या बसल्या. न्हाणीतला लाल चिखल थांबला. बाई दर पावसाळ्यात जाऊन बाटली ओतायच्या आणि "पिते, पिते," म्हणत उतरायच्या. इतका आनंद त्यांना दुसऱ्या कशानंही झालेला मी पाहिला नाही.

आठव्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही वर गेलो तर येऊरच्या पट्टीला कळ्या धरल्या होत्या. "आली," बाई म्हणाल्या आणि टाळी वाजवली. मग त्या पुढच्या पट्टीकडे गेल्या. तिथेही कळ्या. मग त्यापुढच्या. त्या निळ्या दगडांकडून पिवळ्या दगडांकडे, पिवळ्यांकडून पांढऱ्यांकडे भरभर चालायला लागल्या, साडी फांद्यांत अडकत होती, त्या ओढून काढत होत्या. शेवटच्या पट्टीपाशी त्या खाली बसल्या.

"महाबळेश्वरचीही धरली रे."

मी म्हटलं, "म्हणजे पैज मी जिंकलो."

"नाही. कुणीच नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "घड्याळ बीमध्येच आहे. पण ते उगवलं त्या दिवसापासून चालतं. डोंगरांची सालं वेगळी, कारण तिथली कारवी वेगवेगळ्या साली जन्माला आली. मी यांना सगळ्यांना एकाच पावसात जन्माला घातलं, आणि वेगवेगळ्या साली मरतील म्हणून निश्चिंत बसले."

शाळेतल्या पोराला समजेल अशी चूक. पण जिला कारवीतलं काहीच कळत नाही तिनं असं पेरलंच नसतं.

उतार फुलला. जांभळा, गच्च, मधमाश्यांनी भरलेला. माणसं लोटली. कुठून कुठून फोटो काढायला आली. वस्तीच्या तोंडाशी बाईंच्या अभिनंदनाचा बॅनर लागला, त्यावर बाईंचा लहान आणि पुढाऱ्यांचा मोठा फोटो. सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि हातात गुलमोहराचं रोप. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "हे सगळं मरणार आहे. चूक माझी आहे. येत्या पावसाळ्यात वरच्या ओळीत कुणी राहू नका." टाळ्या वाजल्या. मागच्या लोकांना ऐकू आलं नव्हतं.

शेवंताबाईंनी खाली उतरल्यावर त्यांना पाणी दिलं. "इतकी फुलां इली, आणि तुमचा तोंड असा कित्याक?"

उन्हाळ्यात कारवी मेली. काड्या उभ्या, कोरड्या, राखाडी. मे महिनाभर बाई त्या ओळीत घरोघर फिरल्या. त्यांना गोड बोलता येत नसे, त्या धमकावायच्या. "मरायचंय का?" असं विचारायच्या. शेवटी लोक घाबरले. काही गावी गेले, काही नातेवाइकांकडे. शेवंताबाईंना बाईंनी स्वतःच्या फ्लॅटवर आणलं. पावसाळाभर त्या हॉलमध्ये राहिल्या. बाईंच्या घरात पहिल्यांदाच दोन वेळा चूल पेटली. बांगड्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आले. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझी पाहुणी आहे. पाऊस थांबला की जाईल. तुम्ही जेवलात का?" सेक्रेटरी जेवून गेले.

तो पावसाळा जोरात झाला. डोंगरावरून ढेकूळसुद्धा खाली आलं नाही.

लोक परतले तर घरांची दशा. कुणाचं कपाट बुरशीनं खाल्लेलं, कुणाच्या खोलीत दुसराच माणूस घुसून बसलेला. शेवंताबाईंची गॅसची टाकी चोरीला गेलेली. बाई वस्तीत गेल्या की पोरं मागून ओरडायची, "लांडगा आला रे आला!" आणि मोठी माणसं पोरांना गप्प करायची नाहीत.

नंतरच्या उन्हाळ्यात बाई पुन्हा फिरल्या. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मीही रोज संध्याकाळी बरोबर जायचो. पण आता उतार हिरवा होता. मेलेल्या कारवीचं बी पडून रोपं उगवली होती, गुडघ्याएवढी, दाट. बाईंनी एक रोप उपटून शेवंताबाईंसमोर धरलं. मुळं शिवणाच्या दोऱ्याएवढी. मग जुन्या कारवीचं एक खोड हलवलं. ते मुळासकट सहज हातात आलं, आत भुसा.

"बघा. हे नवं काही धरत नाही आणि जुनं सुटलंय. चला माझ्याकडे."

"गेल्या वर्साक तुमचा ऐकलंय नि माझी टाकी गेली," शेवंताबाई म्हणाल्या. रागानं नाही. "औंदा नाय. ह्यां बघा किती हिरवागार झालां. तुमचीच कारवी मा? मग तुमकाच तिच्यार भरवसो नाय?"

बाईंनी हात जोडले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवंताबाईंनी त्यांचे हात खाली केले आणि चहा टाकला. त्या पावसाळ्यात बाईंनी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले. पाऊस वाढला की त्या जाऊन दार ठोठावायच्या, आणि शेवंताबाई आतूनच म्हणायच्या, "जित्ती आसंय गो!"

जुलैतल्या एका दुपारी, वस्तीतली माणसं कामावर असताना, उतार खाली आला. त्या ओळीत त्या वेळी घरी एकट्या शेवंताबाई होत्या. जेवून आडव्या झाल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा बाई आधीच तिथे होत्या. अग्निशमन दलाच्या जवानांनी दोर बांधला होता, त्याच्या अलीकडे, पावसात, छत्रीशिवाय. घराच्या जागी चिखलाचा ढीग होता. आणि त्या ढिगावर कारवीची रोपं उभी होती. मातीचा वरचा थर अख्खाच्या अख्खा घसरला होता, त्यामुळे रोपांना काही झालं नव्हतं. ताठ, हिरवी, पानांवर पाणी. बाई त्या रोपांकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या आता जाऊन ती उपटतील. त्यांनी काही केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खूप प्यायली रे. मुळं नसताना पिऊ नये." त्यानंतर त्यांच्या झोळीत पाण्याची बाटली मी कधी पाहिली नाही.

नंतर मी त्यांना म्हणायचो, बाई, तुम्ही सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, "एकदा चुकीचं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची पत राहिली नाही. मेलेली मुळं एक पावसाळा धरतात. पुस्तकात नव्हतं, आणि मला सुचलं नाही." मला त्यांचा राग यायचा. आपण कुणाची तरी समजूत घालायला जावं आणि तिनं ती बरोबर खोडून काढावी, याचा राग.

ती ओळ पुन्हा बांधली गेली नाही. त्यामुळे आता खालची ओळ शेवटची झाली आणि नंदाचं घर शेवटचं घर. वर जी कारवी उरली होती आणि जी ढिगावर जगली, ती सगळी पुन्हा एकाच वयाची. बाई मधल्या जागांत दर वर्षी थोडं थोडं बी टाकत राहिल्या, वयं वेगळी व्हावीत म्हणून. पण दाट कारवी आपल्या सावलीत दुसरं काही वाढू देत नाही. नवी रोपं पिवळी पडून मरायची. चूक बीमधून पुढच्या पिढीत गेली होती. कारवीचं ते साल आता कायमचं ठरलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ती फुलली. बाईंचे गुडघे गेले होते. मी त्यांना रिक्षानं नेलं आणि वस्तीतून हाताला धरून चढवलं. पुन्हा माणसं, पुन्हा फोटो. ढिगावर तर सगळ्यात गच्च फुलली होती, कारण तिथे माती खोल. एक जोडपं तिथे उभं राहून हसत होतं. बाईंनी वर पाहिलंच नाही. त्यांनी नंदाच्या दारावर थाप मारली.

नंदानं दार उघडलं. हात पिठाचे.

"मी वस्ती खाली करायला लावली होती आणि काही झालं नव्हतं, ती बाई."

"माहितेय. आत या."

"नको. नीट ऐक. येत्या पावसाळ्यात काही होणार नाही. मेलेली दिसेल, पण धरेल. घर सोडू नकोस. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसेल. तेव्हा राहायचं नाही. मिरगाच्या आधी निघायचं आणि दसऱ्यापर्यंत वर यायचं नाही."

नंदानं त्यांच्याकडे पाहिलं. "मागे तर तुम्ही उलटं सांगितलेलं. आता एवढं पक्कं कशावरून सांगताय?"

"तुझ्या आईवरून," बाई म्हणाल्या.

नंदानं दाराच्या चौकटीला हात टेकला. मीच बाईंना घेऊन उतरलो. वळणावर मागे पाहिलं तर ती तशीच उभी होती आणि चौकटीवर पिठाची बोटं उठली होती.

मार्चमध्ये बाई गेल्या. झोपेत. घर आवरायला त्यांचा पुण्याचा भाऊ आला होता. टिकलीच्या पाकिटांचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून ती माझ्याकडे आली. कुठल्या पाकिटात कुठला डोंगर, ते मला अजूनही कळत नाही.

यंदाचा पावसाळा आता सरत आलाय. बाई म्हणाल्या तसंच झालं, काही पडलं नाही. गणपतीत मी वस्तीत गेलो. नंदानं भांडुपला खोली बघून ठेवलीय, मे महिन्यात ती जाणार. शेजाऱ्यांना तिनं सांगितलं का, असं मी विचारलं.

"सगळ्यांना सांगितलं, सर. पण ते म्हणतात, त्या बाईंनीच सांगितलेलं ना, काही होणार नाही म्हणून? आणि झालं का काही?"

तेव्हापासून मी दर रविवारी त्या ओळीत घरोघर फिरतोय. बाईंच्या बोलण्याचा राहिलेला अर्धा भाग सांगतोय. मला बाईंसारखं धमकावता येत नाही. माणसं आदरानं बसवतात, चहा देतात, ऐकून घेतात. मग मागचं दार उघडून मला वर बघायला सांगतात. उतार आत्ताच हिरवा दिसायला लागलाय.